'स्टॅटिक'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की जुन्या टीव्हीची आणि घरगुती कॅसेटची मुद्दाम नक्कल करणारे जे छोटे प्रयोगशील व्हिडिओ असतात, त्यांच्याबद्दल मराठीत लिहायचंय, तर 'स्टॅटिक'ला, म्हणजे स्टेशन लागलं नाही की पडद्यावर नाचणाऱ्या ठिपक्यांना, 'स्थिर' म्हटलं तर चालेल का, आणि अमेरिकन व्हिडिओ कलाकार जोन जोनासच्या 'व्हर्टिकल रोल' या व्हिडिओच्या नावाचं 'उभी गुंडाळी' करावं का.

दोन्ही नको, प्लीज. पहिल्यासाठी शब्द आपल्या घरातच आहे, मुंग्या! ज्यांच्या गच्चीवर अँटेना होता त्यांना वेगळं सांगायला नको, एकजण वर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीत उभा, आणि आतून आरडाओरडा, "आलं, आलं... थांब, हलवू नको... गेलं, परत मुंग्या आल्या!" यात क्रियापद बघा, मुंग्या 'येतात'. पाय अवघडला की पायाला येतात, तशाच चित्र गेलं की पडद्यावर येतात. म्हणून लिहिताना 'मुंग्या आल्या' असंच लिहा, 'पडद्यावर मुंग्या दिसतात' असं लिहिलं तर कुणाला वाटेल कुठेतरी साखर सांडलीय.

'स्थिर' तर अर्थानेच चुकतं. इंग्रजीतला तो शब्द वातावरणातल्या विजेमुळे रेडिओत जी खरखर यायची तिच्यावरून आलाय, आणि पडद्यावर तर स्थिर असं काहीच नसतं, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं, आणि स्टेशनच लागलं नाही की दरवेळी ठिपके नवीन जागी. 'हिम'ही नको, बर्फ इंग्रजीवाल्यांना दिसलं. जपानी लोक याला वाळूचं वादळ म्हणतात, रोमानियात पिसवा म्हणतात, आणि स्वीडिशमध्ये तर चक्क 'मुंग्यांचं युद्ध' म्हणतात! इतक्या लांबच्या लोकांना तेच दिसावं याचा मला फार आनंद होतो.

आता 'रोल'. जोनासचा व्हिडिओ 1972 चा, म्हणजे ज्या वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच वर्षीचा. त्यात चित्र एका जागी ठरतच नाही, दोन चित्रांमधला काळा पट्टा सतत सरकत राहतो, आणि त्याच्या जोडीला चमचा आपटल्याचा ठक ठक आवाज. टीव्ही बिघडला की जे व्हायचं तेच तिने मुद्दाम शेवटपर्यंत ठेवलंय, आणि मग हळूहळू तो पट्टाच कामातला ताल होऊन बसतो. यालाही घरोघरी शब्द होता, "चित्र पळतंय", आणि मग कुणीतरी उठून होल्डचं बटण फिरवायचं. तेव्हा कलाकृतीचं नाव आहे तसंच ठेवा, पण वर्णनात 'पळणारं चित्र' लिहा, गुंडाळी म्हटलं की चटई डोळ्यासमोर येते.

कॅसेटच्या बाबतीत 'ट्रॅकिंग' (टेप आणि ती वाचणारं व्हीसीआरचं हेड नीट जुळवणं) हा शब्द तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही, व्हीसीआर वापरणारे तोच म्हणायचे. पडद्यावर आडवे 'पट्टे येतात', आवाजाची 'खरखर' होते, हेड साफ करावं लागतं. डिजिटलला मात्र मुंग्या लावू नका, तिथे चित्र अडकतं आणि चौकोन चौकोन पडतात.

एक शब्द मात्र माझ्याकडून सुचवतो, न विचारता. 2015 मध्ये क्रिस स्ट्रॉबने सुरू केलेली 'लोकल 58' ही यूट्यूबवरची भयमालिका बघितली असेल तर त्यात एका छोट्या चॅनलचं प्रसारण मधेच कुणीतरी ताब्यात घेतं. या प्रकारासाठी 'व्यत्यय' वापरा. दूरदर्शनवरची व्यत्ययाबद्दलची ती पाटी आठवते ना? आणि संस्कृतात व्यत्यय म्हणजे नुसता अडथळा नाही, उलटापालट, एकाच्या जागी दुसरं येणं. पाणिनीचं 'व्यत्ययो बहुलम्' असं सूत्रच आहे, वेदांच्या भाषेत नेहमीच्या नियमाने एक प्रत्यय यायला हवा तिथे दुसराच येतो त्याबद्दलचं. हे व्हिडिओ नेमकं तेच करतात, बातम्यांच्या जागी भलतंच काही.

वर्णन लिहायचं झालं तर मी असं लिहीन: मध्यरात्रीनंतर प्रसारणात व्यत्यय येतो, निवेदकाचा चेहरा पळायला लागतो, आणि मग नुसत्या मुंग्या.