"मॅडम, चेहरा ओढून घेऊ का?"

मी समुपदेशक. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी आलाय. लातूरच्या शिक्षिका, उदगीरला साड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाई, मुलीच्या लग्नाआधी परळीहून आलेली आई, एकदा तर निवृत्तीला टेकलेले एक साहेब. "फेसलिफ्ट करू का?" विचारताना सगळ्यांचा आवाज खाली जातो. म्हणून शोभाताईंची हकिकत लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

शोभाताई 53 वर्षांच्या, अंबाजोगाईकडच्या. नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान, मुलगा पुण्याला, दोन नातवंडं. निमित्त घडलं एसटीत. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, आधार दाखवा, तुम्हाला तिकीट नाही." एसटीत फुकट प्रवास आहे तो 75 ओलांडलेल्यांना! शोभाताईंनी भांडून बायकांचं अर्धं तिकीट काढलं, आणि त्या रात्री झोपेऐवजी मोबाइलवर फेसलिफ्टचे व्हिडिओ बघितले.

मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

त्यांच्या मागण्या तयार होत्या. गालावरचा वांग जावा, कपाळावरच्या आठ्या जाव्यात, हनुवटीखालचं लोंबणं जावं. यातलं फेसलिफ्टने जाण्यासारखं काय होतं? फक्त शेवटचं. हे ऑपरेशन गालाचा खालचा भाग, जबड्याची कड आणि मान यांच्यासाठी असतं. कानाभोवती आणि केसांच्या कडेने छेद घेऊन कातडीखालचा थर घट्ट करतात, उरलेली कातडी कापून टाकतात. वांगाला त्वचारोगतज्ज्ञ लागतो, कपाळाचे आणि पापण्यांचे उपाय वेगळे. पार्लरमध्ये "लिफ्ट" म्हणून जे विकतात त्याचा या ऑपरेशनशी काहीही संबंध नाही.

सुरुवातीच्या भेटी अशा माहितीतच गेल्या. काही समुपदेशकांना हे आपलं काम वाटत नाही, मला मात्र वाटतं. अर्धी भीती आणि अर्धी भाबडी आशा नुसत्या माहितीने खाली बसते. सूज आणि काळेनिळे डाग ओसरायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे लग्न पंधरा दिवसांवर असताना हे करू नये. कानाजवळ बधिरपणा काही महिने राहू शकतो. कातडीखाली रक्त साकळू शकतं, बीपी ताब्यात नसेल तर जास्तच. चेहऱ्याच्या नसेला इजा होऊन तोंड एका बाजूला कमजोर पडू शकतं. बहुतेकदा ते भरून येतं, क्वचित कायमचं राहतं. वय तिथे थांबत नाही, सात-दहा वर्षांत कातडी पुन्हा सैल होते. आणि निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला विमा सहसा पैसे देत नाही.

"तंबाखू?" मी विचारलं.

"छे हो मॅडम, आपल्यात कुठं."

"मिश्री?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती दातालाच लावायलेय की."

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, उचललेल्या कातडीला रक्त पुरत नाही आणि ती काळी पडून मरू शकते. आपल्याकडच्या बाया मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

आता खरा मुद्दा. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. प्रसंग जितका छळतो त्याहून आपण त्याला लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. कंडक्टरच्या एका शब्दाला शोभाताईंनी कोणता अर्थ लावला होता? मी सरळ विचारलं नाही. म्हटलं, "समजा ऑपरेशन झालं, उत्तम झालं, आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. तर?" चांगल्या फेसलिफ्टचं असंच होतं; लोक एवढंच म्हणतात, बरी दिसतेस, आराम झाला वाटतं. प्रश्न साधा आहे, पण तो कधी टाकायचा हे कळायला बरीच वर्षं खर्ची पडतात.

शोभाताई चिडल्या. "मग एवढे पैसे कशाला घालायचे?" बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग बांध फुटला. "सतराव्या वर्षी लग्न झालं. सून होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी सासू झाले, दोन वर्षांत आजी. मधलं काहीच नाही झालं हो मॅडम. घरी हे सुद्धा 'पप्पूची आई' म्हणूनच हाक मारायलेत."

मी अनेक वर्षं समजत होते की या बायकांना तरुणपण परत हवं असतं. शोभाताईंना पंचविशी नको होती. जगायची राहून गेलेली मधली वर्षं हवी होती, आणि चेहरा मागे गेला की तीही येतील असा त्यांनी हिशेब मांडला होता.

दोन कागद केले. एक सर्जनला विचारायच्या प्रश्नांचा, एक घरच्यांना सांगायच्या गोष्टींचा. घरच्या कागदावर त्यांनी पहिली ओळ लिहिली: मला नावाने हाक मारा. नवरा आधी लाजला, म्हणे. आता दुकानात चारचौघांतही "शोभा" म्हणतो. दुपारी दोन तास गल्ल्यावर त्याच बसतात.

सर्जनचा कागद मी फाडायला लावला नाही. ऑपरेशनची इच्छा म्हणजे मनाचा रोग, असं मी मानत नाही. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या दोषासाठी माणूस दिवसातले तासन्‌तास आरशासमोर घालवत असेल, किंवा घरातलं कुणी ढकलत असेल, तर मात्र मी थांबवते. शोभाताईंचं तसं नव्हतं.

त्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन आल्या. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, भूल कोण देणार, रात्री-बेरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, तुमच्या किती रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हे सगळं त्यांनी तोंडावर विचारलं. व्रण जाड होण्याची प्रवृत्ती आहे का, हे डॉक्टरांनी कान टोचल्याच्या जागा बघून तपासलं. मिश्री पूर्ण सुटल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले, आणि उन्हाळा टाळू, ताज्या व्रणाला मराठवाड्याचं ऊन नको.

मिश्री सुटून आता दोन महिने झालेत. ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू म्हणतात.