शाळेचे पालकत्व कोणाकडे?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई डब्लिनच्या पश्चिम उपनगरात राहतात. नातू आता शाळेत जाण्याच्या वयाचा झाला आहे. तेथील सरकारी खर्चाने चालणाऱ्या बहुतेक प्राथमिक शाळा चर्चच्या अखत्यारीत असतात, काही शाळा मात्र नव्या पद्धतीने चालतात, असे मुलगी सांगते. शिक्षकांचा पगार सरकार देत असेल, तर शाळा चर्चची कशी? आणि ही नवी पद्धत कोणती?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग ठाण्याच्या वाचकाला समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडील खासगी अनुदानित शाळांमध्ये पगार सरकारी तिजोरीतून होतो आणि कारभार शिक्षणसंस्था पाहते. आयर्लंडची प्राथमिक शिक्षणव्यवस्था 1831 पासून साधारण याच धर्तीवर उभी आहे. संस्थाचालकाच्या जागी तेथे ‘पेट्रन’ असतो. शाळेची व्यवस्थापन समिती तो नेमतो आणि शाळेचे धार्मिक वा वैचारिक स्वरूपही तोच ठरवतो. 1998 च्या शिक्षण कायद्याने या स्थानाला रीतसर मान्यता दिली आहे. देशातील प्राथमिक शाळांपैकी जवळपास नव्वद टक्के शाळांचा पेट्रन कॅथलिक बिशप असल्यामुळे पैसा करदात्यांचा आणि वळण चर्चचे, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. धर्मशिक्षणाच्या तासाला न बसण्याचा हक्क तेथील राज्यघटनेच्या 44 व्या कलमाने मुलांना दिला आहे. पण पाच वर्षांचे मूल त्या वेळात वर्गाच्या मागच्या बाकावर चित्रे रंगवत बसणार असेल, तर त्या हक्काला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे मत आहे.

बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांची संख्या वाढली, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. जागा कमी असल्या की कॅथलिक शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश देत. 2007 मध्ये डब्लिनच्या उत्तरेकडील बालब्रिगन गावात ज्यांना कोठेच जागा मिळाली नाही, अशा मुलांसाठी घाईने नवी शाळा काढावी लागली आणि तिच्या पटावर जवळजवळ सगळी मुले कृष्णवर्णीय होती. कोणी ठरवून केलेले नसतानाही शाळा वंशानुसार विभागली गेली, हे पाहून तेथे मोठी खळबळ उडाली.

त्याच वर्षी तत्कालीन शिक्षणमंत्री मेरी हॅनाफिन यांनी नव्या पद्धतीची घोषणा केली होती आणि 2008 मध्ये पश्चिम डब्लिनमध्ये, म्हणजे आपल्या मुलीच्याच भागात, प्रायोगिक तत्त्वावर दोन शाळा सुरू झाल्या. त्यांचे पालकत्व चर्चकडे किंवा खासगी संस्थेकडे न देता, तोवर माध्यमिक व व्यवसाय शिक्षण पाहणाऱ्या स्थानिक सार्वजनिक समितीकडे द्यायचे ठरले. कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे सुरुवातीला शिक्षणमंत्रीच तात्पुरते पेट्रन राहिले. 2012 च्या दुरुस्तीनंतर ही अडचण दूर झाली. या शाळांना ‘कम्युनिटी नॅशनल स्कूल’ म्हणतात.

या प्रयोगात खरा पेच निर्माण झाला तो धर्मशिक्षणावरून. सर्व धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारी मुले एकत्र शिकतील, हे सूत्र मान्य होते. तरीही आपल्या मुलांना शाळेच्या वेळेतच धर्मशिक्षण मिळावे, असा कॅथलिक बाजूचा आग्रह होता. तडजोड म्हणून वर्षातील काही आठवडे मुलांना धर्मानुसार वेगळ्या गटांत बसवले जाई. सर्वांना एकत्र आणण्यासाठी काढलेल्या शाळेतच मुलांची अशी वाटणी व्हावी, यावर टीका झाली आणि पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली. आता मूल्ये आणि विविध श्रद्धा यांविषयीचा एकच समान विषय सर्व मुलांना शिकवला जातो.

मुलीला एवढे सांगावे की, 2018 च्या कायद्यामुळे कॅथलिक प्राथमिक शाळांनाही आता बाप्तिस्म्याच्या आधारे प्रवेशात प्राधान्य देता येत नाही. त्यामुळे केवळ प्रवेश नाकारला जाईल या भीतीने घराजवळची शाळा यादीतून वगळण्याचे कारण नाही. शाळेचा पेट्रन कोण आहे आणि धर्मशिक्षणाच्या तासाला इतर मुले कोठे बसतात, हे दोन प्रश्न मात्र मुख्याध्यापकांना अवश्य विचारावेत. शुल्क नसते आणि 2023 पासून प्राथमिक शाळांत पाठ्यपुस्तकेही मोफत आहेत. ‘ऐच्छिक वर्गणी’ मात्र मागितली जाते.

प्रश्न : आमच्या महापालिका शाळेला एक कंपनी ‘दत्तक’ घेऊ इच्छिते. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. अशाने शाळा कंपनीची होईल का?
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : होणार नाही. वरच्या उत्तरातील पालकत्व म्हणजे कारभाराचा अधिकार. राज्य शासनाच्या 2023 च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराला तो मिळत नाही. तो पाच किंवा दहा वर्षांसाठी वस्तू व सेवा या रूपात मदत करतो, रोख रक्कम देत नाही, आणि ठरलेल्या मूल्याची मदत केल्यास त्या मुदतीपुरते त्याने सुचवलेले नाव शाळेला जोडता येते. शिक्षक महापालिकेचेच राहतात. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमानुसार आपल्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, हेही बदलत नाही. तरीही करारनामा समितीपुढे ठेवण्याची लेखी मागणी आपण करावी. मुदत संपल्यावर संगणकांची दुरुस्ती आणि नेमलेल्या मदतनिसांचे मानधन कोण देणार, याचा उल्लेख त्यात नसेल, तर तो घालून घ्यावा.