लिंकर स्क्रिप्ट पहिल्यांदा हातात घेताना

वाडीतल्या पंपाला ब्लू पिल (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लावतोयस, छान. लिंकर स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामचा कुठला भाग चिपच्या कुठल्या मेमरीत बसवायचा, ते लिंकरला सांगणारी फाइल. सुरुवातीला मेमरी आणि सेक्शन्स हे दोनच ब्लॉक समजून घे. ओव्हरले, प्रोव्हाइड या बाकीच्या आज्ञा सध्या राहू देत.

मेमरीत चिपच्या डेटाशीटमधलेच आकडे टाक. ब्लू पिलवरच्या एसटीएम३२एफ१०३सी८ चिपला फ्लॅश ६४के, रॅम २०के. '६४के' सलग लिही, '६४केबी' लिहिलंस की सिंटॅक्स एरर.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- सेक्शनच्या नावानंतर स्पेस, मग कोलन. '.टेक्स्ट:' (.टेक्स्ट म्हणजे कोडचा सेक्शन) असं चिकटवू नकोस.
- प्रत्येक असाइनमेंटनंतर सेमीकोलन.
- कमेंट फक्त स्लॅश-स्टारची. दोन स्लॅशची सवय सोड.
- वजाबाकीच्या दोन्ही बाजूंना स्पेस. नावात हायफन चालतो, त्यामुळे 'ए-बी' हे लिंकरला एकच नाव वाटतं. फार छळणारी चूक आहे ही.

आता .डेटा, म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेल्या व्हेरिएबलचा सेक्शन. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. गेली की रॅम कोरी. म्हणून व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये राहतात आणि स्टार्टअप कोड त्या रॅममध्ये कॉपी करतो. त्यासाठी .डेटा सेक्शनच्या शेवटी '> रॅम एटी> फ्लॅश' हवंच. एटी विसरलास तरी बिल्ड होईल, पण लाइट परत आल्यावर व्हेरिएबलमध्ये कचरा दिसेल.

व्हेक्टर टेबलला (चिप सुरू होताना आणि इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं त्या पत्त्यांची यादी) कीप लाव, नाहीतर न वापरलेले सेक्शन काढताना तेही उडेल.

बिल्ड झाल्यावर मॅप फाइल (काय कुठल्या पत्त्यावर बसलं त्याची लिंकरने दिलेली यादी) उघड आणि .डेटाचे दोन पत्ते, रॅममधला आणि फ्लॅशमधला, वेगळे आहेत ना, ते बघ.