अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोटारगाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जायचंय, पण पेट्रोल महागलंय. बेत बदलावा का?

बेत रद्द करू नका, मैल कमी करा. 25 फुटी क्लास सी (मध्यम आकाराची) आरव्ही गॅलनला साधारण 8 ते 10 मैल देते. 1200 मैलांच्या सहलीला, 9 च्या सरासरीने, 133 गॅलन धरा. म्हणजे गॅलनमागे एक डॉलर वाढला तर 133 डॉलर जास्त. करारात मैलामागे वेगळा आकार असेल तर तो याहून जड पडू शकतो, तो आधी बघा.

रोज तळ हलवू नका. उद्यानातला ग्रँड लूप हा फेरीचा रस्ताच 142 मैलांचा आहे, एका दिवसात अर्धाच करा.

वेग ताशी 60 मैलांच्या आत ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि आरव्हीचं तोंड सपाट असतं. 40 गॅलन पाणी म्हणजे 330 पौंड वजन; पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतानाच तपासा.

जनरेटर बहुधा गाडीच्याच टाकीतून पेट्रोल पितो, एसीसाठी तासाला अर्धा गॅलन सहज. टाकी पाव भागावर आली की तो बंद पडतो. तो बिघाड नव्हे, इंजिनासाठी राखलेलं पेट्रोल आहे. यलोस्टोनमध्ये विजेची जोडणी फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला मिळते, तिथलं आरक्षण लवकर करा.