अॅलिगेटरच्या घरट्यातील बुरशीचा अभ्यास करताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अमेरिकन अॅलिगेटरच्या घरट्यातील उष्णताप्रेमी बुरशी अभ्यासायचा तुझा विचार मला मनापासून आवडला. मादी दलदलीतले गवत, पाणकणीस आणि चिखल यांचा ढीग रचून त्यात अंडी घालते. पाला कुजताना निघणारी ऊब आणि उन्हाची उष्णता यांवर ती उबतात. अंड्यांभोवती 30 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर माद्या आणि 33 अंशांच्या आसपास बहुतांश नर निपजतात. म्हणून हा पाला कोण आणि किती वेगाने कुजवते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कूनी आणि इमर्सन या बुरशीतज्ज्ञांच्या 1964 च्या व्याख्येनुसार 50 अंशांना किंवा त्यापुढेही वाढणारी आणि 20 अंशांखाली न वाढणारी बुरशी उष्णताप्रेमी ठरते. घरट्याचे तापमान या मर्यादांमध्ये बसते खरे, पण अशा बहुतेक बुरशींना सर्वाधिक मानवणाऱ्या तापमानापेक्षा ते बरेच कमी असते. चिमूटभर पाला बशीतल्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरून 45 ते 50 अंशांना ठेवलास, तर काही दिवसांत थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस या उष्णताप्रेमी बुरशीची पांढुरकी वाढ गडद होत जाईल आणि सूक्ष्मदर्शकाखाली आखूड देठांच्या टोकांवर एकेकटे, गोल, खरबरीत बीजाणू दिसतील. त्या दृश्याने हरखून जाणे स्वाभाविक आहे. मात्र त्यावरून पाल्यात एखादा जिवंत बीजाणू होता, एवढेच सिद्ध होते. तो वाऱ्यासोबत किंवा उन्हाने तापलेल्या मातीतूनही आलेला असू शकतो. बुरशी घरट्यातच वाढत होती असे म्हणायचे, तर वेगवेगळ्या खोलींवरचे तापमान सतत नोंदव, तोच पाला घरट्याच्या तापमानालाही वाढवून पाहा, कुजत्या पाल्याच्या धाग्यांत शिरलेले बुरशीचे तंतू प्रत्यक्ष शोध आणि घरट्याबाहेरचे गवतही त्याच पद्धतीने तपास. ही शेवटची तुलना बहुतेकदा राहून जाते.

इतक्या उष्णतेत अगार झपाट्याने सुकते, म्हणून उबवणपेटीत पाण्याचे भांडे ठेव. अॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही दुसरी बुरशी त्याच बशीत हमखास उगवेल. ती 20 अंशांखालीही वाढते, त्यामुळे तिला उष्णताप्रेमींत मोजू नकोस आणि तिचे बीजाणू फुप्फुसांना घातक ठरू शकतात, म्हणून योग्य मास्कशिवाय सुका पाला हाताळू नकोस.

मादी घरट्याची राखण करते आणि अंडी फिरली तर आतला गर्भ दगावू शकतो; तेव्हा वन्यजीव विभागाची परवानगी आणि अनुभवी सोबती असल्याखेरीज घरट्याला हात लावू नकोस. पिल्ले बाहेर पडल्यावरचा पालाही तुझ्या सुरुवातीच्या कामाला पुरेल. प्रजातींच्या यादीआधी मला तापमानाच्या नोंदी पाठव. पुढची आखणी त्या पाहूनच करू.

तुझ्या कामाची वाट पाहत,
तुझा मार्गदर्शक