कंपायलरला ओ-टू (कोड वेगवान करण्याचा पर्याय) लावूनही कर्नलच्या लूपमध्ये तीच फील्ड दर फेरीला मेमरीतून का वाचली जाते?

तुमचा लूप थोडक्यात असा आहे: ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये बाइट-बफरचा पॉइंटर आणि त्याची लांबी आहे, आणि लूप बफरच्या प्रत्येक बाइटला एका किल्लीशी एक्सॉर करतो. ऑब्जडम्पमध्ये, म्हणजे तयार मशीन कोड दाखवणाऱ्या साधनात, दर फेरीला लांबी आणि बफरचा पत्ता दोन्ही पुन्हा मेमरीतून उचललेले दिसतात. ही वाचनं टाळायला दोन्ही लोकल व्हेरिएबलमध्ये घेतले तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

चालेल. पण त्याआधी कंपायलरची अडचण समजून घ्या. तुम्ही बफरमध्ये बाइट लिहिला, तो नेमका लांबीच्या फील्डवरच पडला नसेल कशावरून? सी भाषेत कॅरॅक्टर पॉइंटर कुठेही बोट दाखवू शकतो, म्हणून कंपायलरला दर लिखाणानंतर पुन्हा वाचावंच लागतं. बफर लांबीहून वेगळ्या टाइपच्या, समजा 32 बिटी आकड्यांचा असता, तर युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये) टाइप वेगळे आहेत एवढ्यावर त्याने हे वाचन टाळलं असतं. लिनक्स कर्नल मात्र नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग (टाइप वेगळे म्हणून जागाही वेगळी असं धरू नकोस, असा पर्याय) लावून बांधला जातो, त्यामुळे तिथे तीही सवलत नाही. लूपमध्ये दुसऱ्या फाइलीतलं फंक्शन किंवा बॅरिअर (मेमरीबद्दलचे अंदाज सोडायला लावणारी सूचना) आला तरी तेच होतं. लांबी मध्येच बदलणार नाही हे तुम्हाला माहीत असतं, कंपायलरला ते सांगावं लागतं. लोकल व्हेरिएबल म्हणजे तेच सांगणं.

म्हणून प्रत्येक फील्डबद्दल आधी एकच विचारा: ही माझ्याशिवाय आणखी कोण बदलू शकतं?

कोणीच नाही, किंवा लॉक तुमच्याच हातात आहे: साधं लोकल व्हेरिएबल पुरे. फक्त लॉक सोडून परत घेतलात की ती प्रत शिळी झाली असं धरा.

दुसरा सीपीयू लॉकशिवाय बदलू शकतो: इथे साधं लोकल पुरत नाही. सीपीयूचे रजिस्टर कमी पडले तर कंपायलर तुमची प्रत टाकून मूळ फील्ड पुन्हा वाचू शकतो, आणि तुम्ही तपासलेला पॉइंटर एक, वापरलेला दुसरा, असं होऊ शकतं. लोकलमध्ये घेताना रीड-वन्स मॅक्रो (इथे नेमकं एकदाच वाच, असं कंपायलरला सांगणारा) लावा आणि पुढे ते लोकलच वापरा. प्रत्येक वापराच्या जागी रीड-वन्स लिहिलेला कोड मला रिव्ह्यूमध्ये नेहमी दिसतो. त्याने वाचनं कमी होत नाहीत, उलट प्रत्येक वाचन सक्तीचं होतं.

युजरस्पेस बदलू शकतं: इथे प्रश्न वेगाचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. लांबी एकदा तपासायला वाचली आणि कॉपी करताना परत वाचली, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ती वाढवतो आणि बफर फुटतो. 2013 मध्ये बॉक्सपन प्रकल्पाने विंडोज कर्नलमध्ये अशी दुहेरी वाचनं शोधून काढली होती. एकदाच कॉपी करा, तीच तपासा, तीच वापरा.

डिव्हाइसच्या रजिस्टरचं गणित याहून वेगळं. पीसीआय एक्सप्रेसवरचं (डिव्हाइस जोडणाऱ्या बसवरचं) वाचन कॅशमधून येत नाही. डिव्हाइसचं उत्तर येईपर्यंत सीपीयू थांबतो, त्यामुळे एल-वनमधल्या (सीपीयूच्या सर्वात जवळच्या कॅशमधल्या) चार-पाच सायकलच्या वाचनाशी त्याची तुलनाच होत नाही. इंटरप्ट-मास्कसारखी जी रजिस्टरं फक्त तुम्हीच लिहिता, त्यांची प्रत स्ट्रक्चरमध्येच ठेवा. स्टेटस रजिस्टर काही चिपवर वाचताच साफ होतं. ते दोनदा वाचलंत तर इंटरप्ट हरवू शकतो.

आणखी एक जागा, जी मला फार आवडते: कम्पेअर-एक्सचेंजचे लूप, म्हणजे किंमत अजून जुनीच असेल तरच नवी लिहिणारी सूचना जमेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवणारे. जुन्या पद्धतीत प्रयत्न फसला की लोक फील्ड परत वाचतात. पण त्या सूचनेने ताजी किंमत आधीच हातात दिलेली असते. ट्राय-कम्पेअर-एक्सचेंज वापरलंत तर फसल्यावर ती किंमत आपोआप तुमच्या जुन्या किमतीच्या व्हेरिएबलमध्ये येते, त्यामुळे एक वाचन टळतं आणि एक्स-86 वर एक तुलनाही. एक्स-86 वर चालू टास्कच्या पॉइंटरचंही असंच झालं: लिनक्स 6.9 मध्ये तो कॉन्स्ट (न बदलणारा) म्हणून जाहीर केला गेला, म्हणजे कंपायलर एका फंक्शनमधली त्याची पुनर्वाचनं स्वतःच गाळू शकतो.

सगळीकडे हे करत सुटू नका. एल-वनमधलं वाचन बहुतेक वेळा इतर कामाआड लपून जातं. खरा फटका बसतो तो दुसरा सीपीयू त्याच 64 बाइटच्या कॅशलाइनवर लिहीत असेल तेव्हा. तिथे फील्ड वेगळ्या लाइनवर हलवणं जास्त गुणाचं. अशी लाइन कुठली ते पर्फ या मोजमापाच्या साधनाची सी-टू-सी कमांड दाखवते, सर्वात जास्त वेळ खाणारा लूप कुठला ते पर्फ ॲनोटेट. बदल केल्यावर मेकला त्या फाइलीचं डॉट-एस (असेम्ब्ली कोड) मागा आणि लूपच्या आतलं लोड खरंच गेलं का, ते डोळ्यांनी बघा.