ओढ्याच्या काठावर पावसाळी वाहिनीचे तोंड दरवर्षी खचते. खड्ड्यात काँक्रीट ओतून भागेल का?

कात्रजच्या उतारावर आपली सोसायटी आहे, तिची पावसाळी वाहिनी मागच्या ओढ्यात उतरते, पाइपाचा शेवटचा तुकडा आता लोंबकळू लागला आहे आणि खालच्या खड्ड्यात काँक्रीट ओतले की काम झाले असे ठेकेदार म्हणतो, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: तेवढ्याने भागणार नाही. मी बावीस वर्षे पुणे परिसरात रस्ते आणि पावसाळी वाहिन्यांच्या कामांवर देखरेख केली आहे आणि मे महिन्यात ओतलेली अशी ठिगळे श्रावणात ओढ्यात आडवी पडलेली अनेकदा पाहिली आहेत.

हा खड्डा पाण्याच्या वेगामुळे पडतो आणि ओतलेले काँक्रीट त्या वेगाचे काहीच करत नाही. टेकडीच्या उतारावरच्या वाहिनीत जोराच्या सरीला पाणी सेकंदाला तीन मीटर किंवा त्याहूनही अधिक वेग सहज गाठते, तर काठाची उघडी माती त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगालाही धुपू लागते. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्यातली ऊर्जा चौपट होते. पाणी पडते त्या जागेचा मुरूम आधी निघतो, मग खड्डा हळूहळू मागे सरकत पाइपाच्या पोटाखाली येतो, आणि आधार गेलेला अडीच मीटर लांबीचा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा तयार पाइप, पुढे झुकला की मागचा सांधा उघडतो. त्यानंतर पाणी सांध्यातून बाहेर पडून पाइपाच्या बाहेरच्या अंगाने वाट काढते आणि भरावातली बारीक माती घेऊन जाते. वरून जमीन धड दिसते, पण आत पोकळी वाढत असते. काठाला काळी माती असेल तर आणखी वाईट, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट आत उतरते.

आपल्यासारख्याच एका सोसायटीत तीन वर्षे ओळीने खड्ड्यात काँक्रीट ओतले होते. मी गेलो तेव्हा वरचा थर गुळगुळीत आणि भक्कम दिसत होता. पहारीने ठोकल्यावर मात्र रिकाम्या पिंपासारखा आवाज आला, आणि कडेच्या फटीत पहार घातली तर ती हातभर सरळ आत गेली. खाली तीन वर्षांची तीन ठिगळे एकमेकांवर नुसती टेकलेली होती आणि त्यांच्याखाली मातीच शिल्लक नव्हती. तो पैसा रहिवाशांच्या वर्गणीचा होता, याचे मला आजही वाईट वाटते.

दुरुस्ती खालून वर करत यावे लागते. लोंबकळणारा तुकडा आधी काढून घ्यावा आणि मागचे सांधे उघडून तपासावेत. घट्ट जमिनीवर बसलेला पाइप सापडेपर्यंत मागे जावे, मग ते दोन तुकडे असोत की चार. काढलेली जागा कठीण मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खणावी. कात्रजच्या बाजूला पाषाण पुष्कळ ठिकाणी फार खोल नसतो, ही आपली जमेची बाजू आहे. तोंडाशी हेडवॉल, म्हणजे पाइपाचे टोक धरून ठेवणारी भिंत, बांधताना तिचा पाया खड्ड्याच्या तळापेक्षा खाली न्यावा, दोन्ही अंगांना काठात शिरणाऱ्या विंगवॉल, म्हणजे बाजूच्या भिंती, द्याव्यात आणि भिंतीमागचे पाणी निघून जाण्यासाठी भिंतीत वीप होल, म्हणजे लहान भोके, ठेवून त्यांच्या मागे खडीचा थर द्यावा. पाणी पडते तिथे पाइपाच्या व्यासाच्या चार ते सहा पट लांबीचे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करावे. त्यासाठी गोटे चालत नाहीत, एकमेकांत अडकणारे कोनदार काळे दगडच हवेत. त्यांच्याखाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरले नाही तर दगड जागेवर राहतात आणि माती मात्र फटींतून निघून जाते. पिचिंगच्या ओढ्याकडील टोकाला खोल टो वॉल, म्हणजे जमिनीत उतरवलेली आडवी भिंत, घ्यावी, कारण पुढचा खड्डा नेमका तिथूनच सुरू होतो. पाणी उंचावरून पडत असेल तर एका उडीऐवजी त्याला दोन-तीन पायऱ्यांनी उतरवावे.

हे सारे बांधकाम काठाच्या आतच बसवावे. ओढ्याच्या पात्रात पुढे सरकून भिंत घेण्याचा मोह टाळावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजहून शहरात उतरणाऱ्या आंबिल ओढ्याने काठच्या भिंती पाडल्या आणि माणसे नेली, हे कात्रजच्या खाली राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाला लेखी कळवून, परवानगी घेऊनच कामाला हात घालावा. काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावे, म्हणजे काँक्रीटला पुरेसे पाणी मारता येते.

आणखी एक गोष्ट मार्चमध्ये जाऊन पाहा. ऐन कोरड्यात पाइपातून पाणी वाहत असेल आणि त्याला वास येत असेल, तर कोणीतरी मैलापाण्याची जोडणी पावसाळी वाहिनीला दिलेली आहे. ती आधी शोधून तोडावी, कारण त्या पाण्यातल्या वायूपासून तयार होणारे आम्ल काँक्रीट पाइपाचा वरचा भाग आतून खाते. अशा वाहिनीत किंवा चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका. तो वायू क्षणात माणूस घेतो, आणि संरक्षक साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गाळ यंत्रानेच काढून घ्यावा.

तोंडाला झडप बसवावी का, असेही आपण विचारले आहे. आपल्या उंचीवर तिची गरज नाही. मुठेकाठची गोष्ट वेगळी आहे: खडकवासला धरणातून विसर्ग वाढून नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला की सखल तोंडांतून नदीच उलटी वस्तीत शिरू पाहते, तेव्हा झडप लागते. तिथेही बिजागरीत एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी ती झडप उघडीच राहते, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला ती हाताने हलवून पाहावी लागते.

दुरुस्तीनंतर पहिला मोठा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जा. पिचिंगचे दगड हलले आहेत का ते पाहा, हेडवॉलच्या मागची जमीन पहारीने ठोका, आणि पाइपाच्या आतले नव्हे तर बाहेरून, भिंतीच्या कडेने झिरपणारे पाणी निरखा. ते स्वच्छ असेल तर काळजी नाही. ते गढूळ असेल तर आतली माती निघत आहे असे समजा आणि ठेकेदाराचे शेवटचे देयक द्यायच्या आधी त्याला बोलावून ती जागा उघडायला लावा.